माळाचा रतीब

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की भवानीनगर, सणसर, बेलवाडी मागं पडतात आणि लासुर्णे येतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा असतो, डोक्यापेक्षा उंच आणि गर्द. नवख्या माणसाला हा सगळा मुलूख भरपूर पावसाचा वाटेल. पण हे पाणी इथल्या आभाळातलं नाही. 1876 च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम हवं म्हणून निरा डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली आणि 1885 साली कालवा वाहता झाला. कालवा उताराच्या कडेकडेनं चालतो. त्याच्या खालचं रान भिजतं, वरचं रान पावसाच्या हवाली राहतं. आणि पाऊस म्हणजे सह्याद्रीनं अडवून जो काही उरेल तो, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातलेही बरेचसे ढग मृगाला तोंड दाखवून जातात ते थेट परतीच्या पावसालाच पुन्हा भेटतात.

त्या वरच्या रानाबद्दल मला लिहायचं आहे. मुरमाड, उघडा, कुठं कुठं पायाखाली नुसता खडक लागणारा माळ. भूगोलाच्या हिशेबानं हे वाळवंट नव्हे, वाळवंट म्हणायला पाऊस अडीचशे मिलिमीटरच्या आत हवा. पण पावसाचे चार महिने सोडले तर इथल्या झाडाला वाळवंटातल्या झाडासारखंच जगावं लागतं. थरच्या वाळूत वाढणारी नेपती इथंही वाढते. राजस्थानात हिंडणारा चिंकारा इथंही हिंडतो, बारामती तालुक्यात सुप्याजवळ त्याच्यासाठी 1997 साली मयूरेश्वर अभयारण्य झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर तर चिंकारा पाहायला पुण्या-मुंबईहून लोक येतात.

शाळेच्या पुस्तकात अन्नसाखळीचं चित्र असतं. गवत, मग नाकतोडा, मग सरडा, मग साप, वर गरुड, आणि मध्ये बाण. चित्र खरं आहे. त्यातली वनस्पती सोडली तर बाकी कुणालाच उन्हापासून अन्न करता येत नाही, म्हणून साखळी तिच्यापासून सुरू होते आणि तिला उत्पादक म्हणतात. पण या चित्रात एक गोष्ट कधीच दाखवलेली नसते, ती म्हणजे महिना. वर्षभर पाऊस पडणाऱ्या जंगलात ते चालून जातं. माळावर नाही चालत. इथं कोण कुणाला खातं यापेक्षा कधी खातं, हे आधी विचारावं लागतं. चार महिन्यांच्या ओलीवर बारा महिन्यांची तोंडं जगवायची हे इथल्या झाडाझुडपांचं खरं काम आहे, आणि ती ते कसं करतात हे पाहत गेलो तसतसा या माळाबद्दलचा माझा आदर वाढत गेला.

ज्येष्ठ सरता सरता तुकोबांची पालखी या रस्त्यानं जाते. बेलवाडीला गोल रिंगण होतं, मग लासुर्णे ओलांडून पालखी अंथुर्ण्याच्या मुक्कामाला लागते. त्या दिवसांत माळ लांबून करडाच दिसतो. जवळ जाऊन बसलं तर गवताच्या बुडख्यांतून हिरवे कोंब सुटलेले असतात, बोटाच्या पेराएवढे. आणि पहिल्या दमदार सरीनंतरच्या संध्याकाळी जमिनीतून पंख फुटलेल्या वाळवीचे लोट उठतात. कोतवाल, घारी, सातभाई, सरडे, बेडूक, खोकड, सगळे त्यावर तुटून पडतात. हा खाऊ कुठून आला? वाळवीनं तो गेल्या वर्षीच्या वाळल्या गवतातून केला. उन्हाळाभर माळ मेल्यासारखा दिसत होता तेव्हा जमिनीखाली हीच वाळवी काडी काडी ओढून नेत होती. म्हणजे गेल्या श्रावणातलं ऊन यंदाच्या आषाढात कोतवालाच्या पोटात गेलं. कोरड्या मुलखात गवताचा केवढा तरी वाटा हिरवेपणी कुणी खातच नाही. तो वाळतो, आणि वाळल्यावर कामाला येतो.

गवताची एक खोड धनगराला जितकी ठाऊक असते तितकी वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही क्वचित असेल. मेंढरं चारत बसलेल्या एका म्हाताऱ्यांना मी विचारलं होतं, "मामा, इतकी मेंढरं तोंड घालत्यात, मग गवत संपत कसं न्हाई?" ते म्हणाले, "आवं, गवात बुडातनं वाढतंय आन् मेंढरू शेंड्याकडनं खातंय. मग दोघांचं भांडाण हुईलच कशाला?" झुडपाची वाढ शेंड्याला होते, शेंडा खुडला की ती तिथं अडते. गवताचा वाढीचा कोंब मात्र जमिनीलगत असतो. वरचं पातं गेलं तरी खालून नवं येतं. शिवाय गवताचा मोठा ऐवज मातीखाली, मुळांत असतो. वणवा, दुष्काळ, चराई, काहीही झालं तरी मूळ शाबूत असलं की पुढल्या पावसात माळ हिरवा.

मारवेल, पवना, कुसळ, हरळी ही इथली गवतं अन्न करतात तेही एका खास रीतीनं. पानाला हवेतला कर्बवायू घ्यायचा तर पर्णरंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की त्याच दारानं पाणी उडून जातं. ही गवतं कर्बवायू आधी एका आम्लात बांधून पानाच्या आतल्या पेशींत गोळा करतात आणि मग त्याची साखर करतात. त्यामुळं रंध्रं थोडीशीच उघडली तरी त्यांचं भागतं. ज्वारी-बाजरीही असंच करते. आणि ऊससुद्धा! या क्रियेचा उलगडा हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी 1966 साली ऑस्ट्रेलियात केला तो उसाच्याच पानावर. कालव्याखालचा ऊस आणि कालव्यावरचा मारवेल एकाच कुळातले, एकाच रीतीनं अन्न करणारे. फरक इतकाच की उसाचं पोट भरायला पावसाच्या चौपट पाणी लागतं आणि त्याची साखर गव्हाणीत पडून शिवाराबाहेर जाते. मारवेलाची साखर शिवारातच फिरते. उसावर आमची घरं उभी राहिली, पोरं शिकली, त्याचं मोल मी जाणतो. मात्र माळाचं मोल त्याहून कमी आहे असं मला अजिबात वाटत नाही.

कुसळाबद्दल थोडं सांगायलाच हवं. कार्तिकात माळावरून चाललं की धोतराच्या काठाला, पायमोज्याला ज्या टोचऱ्या बिया चिकटतात त्या याच्या. एखादं काढून तळहातावर घ्यावं. खाली अणकुचीदार टोक, त्यावर उलट्या दिशेचे बारीक केस, आणि मागं लांब काळसर शेपटी, दोरीसारखी पीळ घातलेली. त्यावर पाण्याचा थेंब सोडला की शेपटीचा पीळ उलगडू लागतो आणि अख्खं बी तळहातावर गरगरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. माळावर रात्री दव पडतं, दुपारी ऊन पडतं. पीळ उलगडतो, बसतो, आणि तेवढ्यानं बी मुरमात शिरत जातं. उलटे केस त्याला मागं सरू देत नाहीत. बैल, नांगर, पाभर काही नसताना माळ अशी आपली पेरणी करून घेतो. मेंढराच्या लोकरीत हेच कुसळ शिरलं की कातडीपर्यंत जातं, म्हणून धनगर कुसळ फुलायच्या आधीच तो पट्टा चारून घेतो.

भाद्रपद-आश्विनात माळ नाकतोड्यांनी भरून जातो. पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंना उड्या. थंडीच्या तोंडावर भोवत्या येतात, पार कझाकस्तानापासूनचा प्रवास करून. गवतावर हातभर उंचीवरून तरंगत जायचं, एकाएकी खाली उतरायचं, नाकतोडा उचलायचा. रात्री हा शिकारी पक्षी झाडावर बसत नाही, गवतातच जमिनीवर झोपतो. मध्य आशियातल्या या पक्ष्याचा हिवाळा इंदापूर-सोलापूरकडच्या गवतावर अवलंबून आहे, हे मला फार मोठं वाटतं.

पण भोवत्या मोजकेच असतात, आणि लांडगे तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. याचं कारण रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञानं नीट मांडलं. त्याचा निबंध 1942 साली छापून आला तेव्हा तो हयात नव्हता, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच तो गेला. एका तळ्याचा अभ्यास करून त्यानं दाखवलं की साखळीच्या एका पायरीवरून दुसरीवर जाताना ऊर्जेचा बहुतेक भाग खर्ची पडतो, पुढं जातो तो थोडाच. पुढं त्याचाच दहा टक्क्यांचा ढोबळ हिशेब रूढ झाला. गवतात हजार भाग असले तर सशाच्या अंगी शंभर लागतात आणि लांडग्याच्या वाट्याला दहा. मुळात माळाचं गवत थोडं, त्यात ते चारच महिने वाढणारं. म्हणून एका लांडग्याच्या कुटुंबाला गावंच्या गावं ओलांडून हिंडावं लागतं. माळाचा एक तुकडा नांगरला की तिथं राहणारा लांडगा तेवढाच जातो असं नाही, शेजारच्या दहा तुकड्यांवरचा हिशेबही कोलमडतो.

आता गवताकडून झुडपांकडं येतो, कारण माझ्या मते माळाचं खरं मर्म तिथं आहे. गवत एकदम येतं आणि एकदम वाळतं. उरलेले महिने झुडपांनी आपसांत वाटून घेतलेले आहेत. एकाचं संपायला आणि दुसऱ्याचं सुरू व्हायला गाठ पडते, जणू घरोघरी रतीब घातल्यासारखी. हिवराला श्रावण-भाद्रपदात फिकट पिवळे गोंडे येतात आणि मधमाश्या त्यावर घोंगावतात. तरवड पावसाळाभर पिवळाधमक असतो. बोरीला फूल येतं ते पाऊस सरताना, आणि बोरं पिकतात ती पौषात, गवत वाळून खडंग झाल्यावर. संक्रांतीच्या सुगडात आपण चार बोरं घालतो, पण त्या महिन्यात माळावर बोरांवर किती जण जगतात! चिंकारा खातो, मोर खातो, कोल्हा आणि खोकड खातात. मांसाहारी म्हणून शिकवलेल्या या दोघांच्या विष्ठेत हिवाळ्यात मुठीमुठीनं बोराच्या आठळ्या सापडतात. बोरीची नवी रोपं बांधाकडेला, दगडांच्या राशीशेजारी उगवतात, ती बहुधा त्यांनीच लावलेली.

फाल्गुन-चैत्रात बोरं संपतात, आणि तेव्हा नेपती फुलते. नेपती पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते झुडूप वाळलेलं वाटतं. पान नाहीच, नुसत्या हिरव्या काटेरी काड्यांचा गुंता. कोवळ्या फांदीवर इवलीशी पानं येतात आणि लगेच गळतात. पान म्हणजे पाणी उडून जायची जागा, ती जागाच तिनं ठेवलेली नाही. अन्न करायचं काम हिरव्या काड्यांवर सोपवलं आहे. आणि भर उन्हाळ्यात, माळावर हिरवं म्हणून काही उरलं नसताना, ती विटकरी लाल फुलांनी लगडते. त्या फुलांवर शिंजीर येतो, मुंग्या येतात, भुंगे येतात. मागून गुलाबी-लाल फळं धरतात, ती बुलबुल टिपतात. राजस्थानात तिच्याच कच्च्या फळांचं लोणचं घालतात, केर म्हणून. आपल्याकडं नेपती कुणी फारशी ओळखतही नाही, आणि बांध साफ करताना पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते.

वैशाखात बाभळीच्या शेंगा. धनगराची आकडी लावलेली काठी फांदीत अडकते, हिसका बसतो, आणि शेळ्या आवाजासरशी धावत येतात. त्यानंतर ज्येष्ठात गावाकडच्या लिंबांना लिंबोळ्या पिकतात, मैना आणि बुलबुल त्यांवर तुटून पडतात. मग पहिला पाऊस, आणि पुन्हा वाळवी. वर्ष पुरं झालं. दुष्काळी साल सोडलं तर असा एकही महिना सापडत नाही की ज्यात माळावर कुणीच काही वाढत नाही. वाढतं ते थोडं, पण वेळेला. पिकाच्या मापानं मोजायला गेलं तर हे उत्पादन नगण्य ठरेल. कोरड्या मुलखातल्या जिवाला मात्र आषाढातल्या ढिगापेक्षा चैत्रातली ओंजळ जास्त मोलाची असते.

निवडुंगाची तऱ्हा याहून वेगळी. तो दिवसा पर्णरंध्रं उघडतच नाही. रात्री गारव्याला उघडतो, कर्बवायू आत घेतो, त्याचं मॅलिक आम्ल करून साठवतो, आणि दिवसा रंध्रं बंद ठेवून आतल्या आत उन्हावर साखर शिजवतो. अंगणातली पानफुटीही हेच करते. हे ओळखण्याची एक जुनी खूण भारतात सापडली, आणि तीही जिभेनं. बेंजामिन हाइन या कंपनी सरकारच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं मद्रासकडं असताना पानफुटीचं पान चावून पाहिलं आणि 1813 च्या पत्रात कळवलं, की हे पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडसर. कुणालाही हे घरी करून पाहता येईल. रात्रभर साठलेलं आम्ल पहाटेला पुरेपूर असतं, दिवस चढेल तसं त्याची साखर होत जाते.

याच निवडुंगानं आणखी एक गोष्ट शिकवली. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. आपल्याकडं तो कुंपणाला लावला आणि बेफाम पसरला, कारण त्याला खाणारं इथं कुणी नव्हतं. दुष्काळात काटे जाळून त्याचे फडे जनावरांपुढं टाकत, लाल बोंडं पोरं खात. पण इथल्या साखळीत त्याची कडी बसलेली नव्हती. 1926 साली त्याचा रस शोषणारा एक अमेरिकन कीटक श्रीलंकेतून आणून दक्षिण भारतात सोडला. काही वर्षांतच फड्यांची कुंपणंच्या कुंपणं लोळागोळा होऊन कोसळली. खाणारा नसलेला उत्पादक जमीन बळकावतो, आणि खाणारा मिळाला की त्याची सत्ता अशी संपते. आज वेडी बाभूळ तेच करते आहे. तिच्या पाल्याला जनावर तोंड लावत नाही, शेंगा मात्र शेळ्या आवडीनं खातात आणि लेंड्यांतून बी गावभर पसरवतात. तिच्याखाली मारवेल येत नाही.

इथल्या झाडांनाही स्वतःला जपावं लागतं, पण ती साखळी न तोडता जपतात. रुईच्या पानात जहाल चीक असतो, शेळीही तिला टाळते. तरी नारिंगी, काळ्या काठाच्या एका फुलपाखराच्या अळ्या तीच पानं खाऊन मोठ्या होतात आणि चिकातलं विष अंगात साठवून पाखरांपासून वाचतात. फुलांवर मोठा काळा भुंगा येतो, तिचं परागण त्याच्याकडं. तरवडालाही जनावर सहसा तोंड लावत नाही, पण पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या त्याच्यावर पोसतात. म्हणून भर उन्हात, इतर सगळं खाल्लं गेल्यावर, रुई आणि तरवड हिरवी दिसतात. त्यांच्या सावलीला मुरूम थोडा थंड राहतो, पाला कुजतो, आणि गवताचं बी तग धरतं.

या सगळ्यात धनगरांची जागा कुठं? मला ते साखळीच्या बाहेरचे कधीच वाटले नाहीत. दिवाळी झाली की या भागातले कित्येक वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणाकडं निघतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. म्हणजे गवत वाढत असतं तेव्हा मेंढरं माळावर, आणि ते वाळून बी सांडू लागलं की मेंढरं घाटाखाली. पखालभर पाणी न देता, कुंपण न घालता माळाला सहा महिने विसावा मिळतो. आणि माळावरचं गवत लेंडीच्या रूपानं शेतात उतरतं, रातभर मेंढरं बसवायला शेतकरी आजही धान्य किंवा पैसे मोजतो. लांडगा कधीमधी एखादं कोकरू नेतो. धनगर चिडतो, कुत्री सोडतो, काठी घेऊन धावतो, पण लांडग्यानं न्यावंच असाही एक वाटा त्याच्या हिशेबात पिढ्यान्‌पिढ्या धरलेला असतो. लांडगा आज टिकून आहे त्यात या वाट्याचा हात मोठा आहे.

मला काळजी वाटते ती खड्ड्यांची. दर पावसाळ्यात कुठं ना कुठं माळ हिरवा करायची मोहीम निघते. भावना चांगली असते, पोरं उन्हात घाम गाळतात, पण खड्डा नेमका मारवेलाच्या बुडख्यावर पडतो आणि त्यात लागतो गिरिपुष्प किंवा सुबाभूळ. झाडं जगली की सावली येते, आणि सावलीत ही गवतं मरतात. गवताखालचे नाकतोडे, उघड्या मुरमावर अंडी घालणारी टिटवी आणि धाविक, भोवत्याची झोपायची जागा, सगळं पाठोपाठ जातं. कडबनवाडीला, शिर्सुफळला वनविभागानं गवताळ सफारी सुरू केल्यापासून गावातल्या तरुणांना गवताचीही किंमत कळू लागली आहे, हे मात्र मी पाहतो आणि बरं वाटतं.

झाडं लावायचीच तर कालव्याच्या खाली जागा थोडी आहे का? पालखीच्या रस्त्याची कडा आहे, शाळांची आवारं आहेत, वस्त्यांची अंगणं आहेत, तिथं वड, लिंब, चिंच लावावी आणि पाणी घालावं. माळावर आधी वेडी बाभूळ मुळासकट काढावी. जिथं मुरूम अगदीच उघडा पडला आहे तिथं कार्तिकात गोळा केलेलं पवना-मारवेलाचं बी मृगाच्या आधी शेणमातीत कालवून फेकावं आणि दोन पावसाळे तेवढ्या पट्ट्यात जनावर सोडू नये. मध्ये मध्ये, विरळ, बोर आणि हिवर. नेपती कुठं असेल तर तिला हात लावू नये, तिचं रोप वाटिकेत सहजी मिळत नाही. आणि गवत कापायचं ते बी सांडल्यावर.